नदी होती, काठ नव्हता

बायकोला बढती मिळाली आणि मास्तरांची नदी गेली.

बायको नर्स होती. मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात ती मुख्य नर्स झाली आणि तिच्यामागोमाग मास्तर दोन कपाटं, एक शिवणयंत्र आणि पाच गळाच्या काठ्या घेऊन आले. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते गाडी चालवायला शिकवत. हे काम कुठेही मिळतं, कारण गाडी न येणारी माणसं सगळीकडे असतात, आणि येते असं वाटणारी त्याहून जास्त. आठवड्याभरात एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांची सोय लागली. अडचण नोकरीची नव्हतीच. बसायचं कुठे, ही होती.

जुन्या गावी त्यांची एक जागा होती. मोडक्या पुलाच्या पलीकडचा सपाट दगड. बावीस वर्षं ते त्यावर बसले होते. दगडाला तुमच्या बैठकीचा आकार आलाय, असं बायको म्हणायची. कुठल्या महिन्यात मासा कुठल्या मुळाखाली शिरतो, पाणी किती गढूळलं की कणकेची गोळी सोडून गांडूळ लावायचं, हे त्यांना घरातल्या दिव्यांच्या बटणांसारखं पाठ होतं. होडीबिडीच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. काठावर बसायचं, गळ टाकायचा आणि पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाकडे बघत राहायचं, एवढंच त्यांचं सुख.

नव्या शहरातही नदी होती, आणि ती चांगली ऐसपैस होती. नकाशावर तिला शहराच्या आरपार गेलेली पाहून मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पण नकाशावर भिंती दाखवत नाहीत. शहराच्या मध्यावर नदीला दोन्ही अंगांनी दोन पुरुष उंच भिंत होती. वरून गळ टाकला तर गळाचा निम्मा दोरा, तंगूस, हवेतच संपायचा. भिंत संपली तिथे नावा वल्हवणाऱ्यांचा क्लब सुरू झाला.

"सभासद?" तिथल्या पहारेकऱ्याने विचारलं.

"नाही."

"मग गवतावरून खाली उतरा."

"मी गवतावर कुठे आहे? वाटेवर आहे."

"वाटही सभासदांचीच आहे."

त्याच्या पुढे लव्हाळं होतं, इतकं दाट की मास्तरांचे तीन गळ त्यात अडकले आणि तिथेच राहिले. बागेच्या कडेला पाणी बरं होतं, पण तिथे एका गुबगुबीत कुत्र्याने कणकेच्या गोळ्यांचा अख्खा डबा फस्त केला, आणि त्याची मालकीणच मास्तरांवर चवताळली, की त्याचं पोट नाजूक आहे, तुम्ही त्यात काय घातलं होतं? एक जागा मात्र पाहताक्षणी आवडावी अशी होती. संथ वळण, वाकलेलं झाड, पायाखाली कोरडी जमीन. झाडावर पाटी होती: मासेमारीस सक्त मनाई.

शेवटी रेल्वेपुलाखाली त्यांना खुर्ची टाकून बसलेला एक माणूस सापडला. शेजारी झाकलेली बादली, हातात काठी.

"काय, मिळतात का मासे इथे?" मास्तरांनी आपलेपणाने विचारलं.

"छे! इथे कुठले मासे?"

"मग तुम्ही?"

"मी वारा खायला बसतो."

बादलीत थप्पकन आवाज झाला. माणसाने बादलीवर पाय ठेवला. मास्तर थोडा वेळ उभे राहिले आणि वारा खाऊन परत आले.

सुट्टीचा दिवस आठवड्यात एकच, आणि त्या दिवशी बायकोला घरातली खिळे ठोकण्याची, गळके नळ दुरुस्त करण्याची आणि पडदे टांगण्याची कामं आठवत. तेव्हा मास्तरांनी दुसरा उपाय काढला. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्या बुडाखाली गाडी होती आणि ती चालवायला शिकाऊ माणसं होती. गाडी कुठेतरी न्यायचीच, तर नदीकडे का नको? शिकाऊ माणसाला गर्दी नसलेला रस्ता बरा, असं त्यांनी स्वतःला पटवून दिलं. स्वतःला पटवणं त्यांना नेहमीच सोपं जाई.

मग झालं असं, की स्कूलचे सगळे धडे नदीवर संपू लागले. "पुढे डावीकडे घ्या. आता उतार आहे, ब्रेकवर पाय. थांबा. हँडब्रेक." एवढं म्हणून मास्तर गाडीतून उतरत, पाण्याच्या अगदी कडेला जात, एक खडा टाकत आणि तो बुडताना मनात आकडे मोजत. मग खाली मान घालून परत येत आणि पुटपुटत, "नाही. इथे नाही जमायचं. पुरेसं खोल नाही."

हे पहिल्यांदा ऐकलं ते एका शिंप्याने. त्याने चालवायला घेतलेली गाडी परतीच्या वाटेवर तीनदा बंद पडली, इतका तो हादरला होता.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातल्या बाईंची पाळी होती. मास्तरांनी त्यांना सहज विचारलं, "त्या जुन्या घाटाखाली पाणी किती असेल हो?"

"का... कशासाठी?"

"असंच. आणि सकाळी तिथे माणसं असतात का? मला कुणी नको असतं आजूबाजूला. एकदा निवांत बसलं की मग मागे ना पुढे."

ग्रंथालयाच्या बाई गिअर बदलायचं विसरल्या आणि घरापर्यंत पहिल्यातच आल्या.

मास्तरांना यातलं काहीच कळलं नाही. त्यांच्या ध्यानात आलं ते एवढंच, की हे शहर फार प्रेमळ आहे. शिंप्याने त्यांच्या कोटाचं फाटलेलं अस्तर आपणहून शिवून दिलं. ग्रंथालयाच्या बाईंनी 'रोज नव्याने जगू या' असल्या काही नावाचं पुस्तक हातात ठेवलं आणि त्यांच्या मनगटावर जरा थोपटलं. स्कूलचे मालक स्वतःच्या केबिनमध्ये बोलावून स्वतःच्या कपात चहा देऊ लागले.

"घरी सगळं ठीक ना, मास्तर?"

"ठीक. बायको कामात असते."

"हं." मालकांनी उसासा सोडला. "काही मनात असलं तर बोलत जा. मनात ठेवू नये माणसाने."

मनात होतं ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. स्कूलचं पेट्रोल जाळून आपण गळ टाकायला जागा शोधतोय, हे मालकांना कोण सांगणार? मास्तरांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. मालकांनी ते मौन पाहून डोळे पुसले.

शिकणाऱ्यांत एक मावशी होत्या. वय सत्तरीला टेकलेलं, गुडघे कुरकुरणारे, आवाज खणखणीत. सगळे त्यांना पट्टीमावशी म्हणत. मास्तरांनी नावावरून ताडलं, की बाई शाळेत असणार आणि पोरांना पट्टीने फोडून काढत असणार. त्यामुळे त्यांच्यासमोर मास्तर जरा ताठ बसत. मावशींची एक विचित्र खोड होती. गाडी चालू झाली की त्यांचे डोळे काचेबाहेर न जाता आतल्या काट्यांवर खिळत, आणि त्या मोठ्याने वाचायला लागत.

"वेग एकवीस. पेट्रोल निम्म्याच्या जरा खाली. इंजिनाचा काटा मधोमध."

"मावशी, रस्ता!"

"वेग चोवीस."

"मावशी, समोर ट्रक आहे!"

"असू दे की. वेग आता शून्य."

ते शून्य मास्तरांच्या पायाने आणलेलं असे.

अशाच एका सकाळी मास्तरांनी त्यांना शहराबाहेरच्या बंधाऱ्यापाशी आणलं. ही जागा त्यांनी अजून पाहिली नव्हती. बांध ओला होता. मास्तर कडेपर्यंत गेले, आणि त्यांच्या पायाखालीच पाणी गर्रकन फिरलं. साधंसुधं नव्हे. मोठ्या माशाने कूस बदलली की उठतो तसा संथ, रुंद भोवरा. मास्तर देहभान विसरले. गुडघ्यावर बसले, पुढे वाकले, आणखी वाकले.

गाडीचा हॉर्न एकसारखा वाजू लागला. मग तो थांबला आणि मागून धपाधप पावलं आली. कुणीतरी मास्तरांचा कमरपट्टा धरून असा काही हिसडा दिला की मास्तर मागे, मावशींवर, आणि दोघंही चिखलात.

"सोडा! सोडा मला!" मास्तर ओरडले. "जाईल तो!"

"कुणी जात नाही!" मावशी त्यांच्याहून मोठ्याने ओरडल्या. "बायकोचा तरी विचार करा! सोन्यासारखी बाई, दिवसभर दुसऱ्यांचे जीव वाचवते, आणि तुम्ही?"

"अहो, मासा! मासा बघत होतो मी!"

मावशींची पकड ढिली झाली. "मासा?"

"केवढा होता! तुम्ही हॉर्न वाजवलात आणि गेला."

मावशी चिखलात बसल्या-बसल्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे तुम्ही मासे धरता? दोन महिने अख्ख्या गावाचा जीव तुमच्यासाठी तीळतीळ तुटतोय. माझ्या मुलाने मला बजावलंय की मास्तरांशी वेडंवाकडं बोलू नकोस, त्यांना लागेल. आणि तुम्ही मासे धरायला जागा शोधताय?"

"हो," मास्तर म्हणाले. एवढ्या लहान आवाजात ते आयुष्यात बोलले नव्हते.

"मग तोंडाने सांगायला काय धाड भरली होती?"

त्या दिवशी मास्तर पाठभर चिखल घेऊन घरी गेले. बायको टेबलाशी बसून इस्पितळातल्या पाळ्यांचा तक्ता भरत होती. तिने एकदा वर पाहिलं.

"पडलात का शेवटी?"

"तुला माहीत होतं?"

"पंधरा दिवस झाले. वॉर्डात एक बाई सांगत होती, ड्रायव्हिंग स्कूलचा नवा मास्तर जिवाचं बरंवाईट करून घेणार आहे, रोज नदीवर जाऊन खडा टाकतो, खोली मोजतो. मी खडा टाकण्यावरूनच ओळखलं."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, काळजी करू नका, त्याला उत्तम पोहता येतं."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"काळजीपोटी वॉर्डातल्या बायकांनी पाव पाठवले होते, बिस्किटं पाठवली होती. घरात खाऊ येत होता," बायको म्हणाली आणि पुन्हा तक्त्यात डोकं घातलं. जरा वेळाने ती तक्त्यातूनच बोलली, "त्या दगडाची आठवण येते ना?"

मास्तर खुर्चीत बसले. बूट काढत राहिले. मग बायकोने उठून त्यांचा कोट भिजत घातला.

खरी गोष्ट एका दिवसात गावभर झाली, आणि गावाचा नूर पालटला. मास्तर मरायला निघाले होते तोवर ते सगळ्यांचे होते. मासे धरायला निघालेत म्हटल्यावर त्यांना कुणी ओळख देईना. कारण उघड होतं. या शहरातला दर तिसरा माणूस चोरून गळ टाकत होता, आणि दर तिसऱ्या माणसाची एक जागा होती जी त्याने सख्ख्या भावाला सांगितली नव्हती.

"तुम्हीसुद्धा?" मास्तरांनी शिंप्याला विचारलं. त्याच्या बाहीला खवला चिकटलेला होता.

"मी? काय?"

"कुठे बसता नदीवर?"

"नदी?" शिंप्याने कानावर हात ठेवले. "कुठली नदी?"

ग्रंथालयाच्या बाईंनी पुस्तक परत मागितलं. मुदत संपली म्हणाल्या. मालकांच्या केबिनमधला चहा बंद झाला आणि त्याऐवजी एक कागद पुढे आला. त्या महिन्यात स्कूलने सात जणांना लायसन्सच्या परीक्षेला बसवलं होतं. सातही जण नापास झाले होते. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी खाली शेरा मारला होता: 'एकालाही चौक ओलांडता येत नाही. मात्र ओल्या उतारावर गाडी उभी करण्यात सर्वांचा हातखंडा आहे.'

"मास्तर," मालक म्हणाले, "आपण शहरात शिकवतो. बंदरात नाही."

मास्तरांनी मान खाली घातली. पण खरी चपराक बसली ती दुसऱ्या दिवशी. मावशी गाडीत बसल्या, पट्टा लावला आणि इंजिन चालू न करताच म्हणाल्या, "जागा हवी आहे ना तुम्हाला?"

मास्तर सावध झाले. "तुम्हाला माहीत आहे?"

"एकतीस वर्षं मी या नदीची पट्टी वाचली. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, पाणी किती चढलं, किती उतरलं. पूर असो नाहीतर सुट्टी असो. वरच्या वळणावर पंपाचं घर आहे, तिथे माझी खोली होती. म्हणून पट्टीमावशी."

"मला वाटलं, शाळेत..."

"शाळेत? मी? मला पोरं आवडत नाहीत." मावशींनी आरसा उगाचच हलवला. "पाणी वाचून झालं की गळ टाकायचा. वहीत पाण्याचा आकडा आणि कढईत मासा. निवृत्त झाले आणि मुलाने पाचव्या मजल्यावर आणून ठेवलं. खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले मोजे दिसतात. तिथे बस जात नाही, गुडघे चालू देत नाहीत, आणि मुलाला म्हटलं घेऊन चल, तर म्हणतो, आई, तिथे काय आहे? म्हणून शिकतेय गाडी. आणि तुम्ही दोन महिने मला नदीवर नेताय, पण एकदासुद्धा योग्य ठिकाणी नाही!"

मास्तरांना पहिल्यांदाच मनापासून लाज वाटली. बावीस वर्षांच्या दगडासाठी आपण गावभर तोंड पाडून फिरलो, आणि एकतीस वर्षांची जागा गेलेली बाई शेजारच्या सीटवर बसून काटे वाचत होती.

"मला लायसन्स मिळवून द्या," मावशी म्हणाल्या, "आणि मी जागा दाखवते. माझी मी गाडी चालवत नेऊन."

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी नदीकडे पाठ फिरवली. भाजीबाजार, शाळा सुटण्याची वेळ, सिग्नल, गोल चौक. मावशींनी गोल चौकाला एकदा सात फेऱ्या मारल्या, कारण बाहेर पडायला कुणी वाट देईना आणि वाट मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. काट्यांची खोड मात्र जाईना. एकतीस वर्षांची सवय; आकडा दिसला की डोळा तिकडे जायचाच. मास्तरांनी शेवटी काट्यांवर पुठ्ठा चिकटवला. पुठ्ठा असला की मावशी झकास चालवत.

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी तो पुठ्ठा पाहिला.

"हे काय?"

"डोळ्यांना त्रास होतो यांच्या," मास्तर म्हणाले.

"काढा."

पुठ्ठा निघाला. मावशींनी साहेबांना वेग एकोणतीस, पेट्रोल पाऊण असं नीट वाचून दाखवलं आणि एका उभ्या हातगाडीला सावकाश, सन्मानाने धडक दिली. कुणाला लागलं नाही. फुलकोबी मात्र रस्ताभर.

मास्तरांचं तोंड उतरलं. मावशी तीन दिवस आल्या नाहीत. चौथ्या दिवशी आल्या त्या खुशीत.

"पुन्हा तारीख घ्या."

"मावशी, पुठ्ठा चालत नाही हो."

"नको पुठ्ठा. तारीख घ्या."

दुसऱ्या परीक्षेला मास्तर मैदानाच्या कुंपणापाशी नखं खात उभे होते. गाडी गेली, चौकात थांबली, वळली, बसला वाट दिली, दिसेनाशी झाली आणि वीस मिनिटांनी जशीच्या तशी परत आली. साहेब उतरले, कागदावर सही केली आणि चक्क हसले.

"कसं काय जमवलंत?" मास्तरांनी कुजबुजत विचारलं.

मावशींनी नाकावरच्या चष्म्याला बोट लावलं. "हा लांबचा. जवळचा घरी ठेवून आले. आतलं सगळं धुरकट. मग काय करणार, बघितला रस्ता."

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, मास्तरांच्या सुट्टीला, मावशींनी मुलाची गाडी काढली. मास्तर मागच्या सीटवर काठ्या आडव्या धरून बसले होते. पुढे बसू दिलं नाही, कारण तुमचे पाय उगाच ब्रेक शोधतात, असं मावशी म्हणाल्या. ते खरंच होतं. गाव मागे पडलं, कालव्याकडेचा कच्चा रस्ता लागला आणि पंपाच्या पडक्या घराशी गाडी थांबली. मागे दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. नदी तिथे कोपरात हात मुडपावा तशी वळली होती आणि वळणाच्या पोटात पाणी काळंभोर, स्तब्ध होतं. भिंत नाही, लव्हाळं नाही, पाटी नाही. मास्तरांनी खडा उचलला, टाकला, आणि आकडे मोजता मोजता ते मोजणंच विसरले.

मावशी आधी पट्टीकडे गेल्या. पायरीच्या कडेला रोवलेली, रंग उडालेली लोखंडी पट्टी. शेजारच्या खांबावर आता एक यंत्र बसवलं होतं. आकडे तेच पाठवत असणार. मावशींनी यंत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पिशवीतून जवळचा चष्मा काढला, वाकल्या आणि वाचलं.

"दोन मीटर, अडतीस." जरा थांबून त्या म्हणाल्या, "बरी आहे."

मग दोघं पायरीवर बसले. मास्तरांकडे रीळ लावलेली काठी, तऱ्हेतऱ्हेचे गळ, खोकंभर सामान. मावशींकडे एका फळकुटाला गुंडाळलेलं तंगूस आणि शिळा पाव. पहिल्या अर्ध्या तासात मावशींनी दोन मासे काढले. मास्तरांचं बूच जागचं हललं नाही.

"गळ जरा वर घ्या. तळाशी काय शोधताय?"

"मला शिकवू नका, मावशी."

"बरं."

मावशींनी तिसरा काढला. मास्तरांनी गुपचूप गळ हातभर वर घेतला.

तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. मुलगा होता, आवाज मास्तरांपर्यंत येत होता.

"आई, गाडी कुठे आहे? आणि तू कुठे आहेस?"

"दोघी एकाच ठिकाणी आहोत."

"कुणाबरोबर?"

"मास्तर आहेत."

पलीकडून आवाज चढला. "नदीवर? आई, ते बरे आहेत ना? नीट लक्ष ठेव हं त्यांच्यावर!"

गावभर झालेली खरी गोष्ट मुलाला मात्र अजून कुणी सांगितलीच नव्हती. मावशी काहीतरी बोलणार, एवढ्यात मास्तरांचं बूच एकदा थरथरलं, आडवं झालं आणि सुळकन पाण्याखाली गेलं. काठी कमानीसारखी वाकली. मास्तर ताडकन उठले, त्यांचा पाय शेवाळावरून सरकला आणि ते पोटरीभर पाण्यात उभे राहिले, दोन्ही हातांनी काठी छातीशी धरून.

"आई? काय झालं? कसला आवाज आला?"

"ठेव रे फोन," मावशी म्हणाल्या. "मास्तर पाण्यात उतरलेत, आणि पहिल्यांदाच खूश दिसताहेत."